अंगाकडची बाजू

किसनआप्पा सोनारांच्या दुकानात पहिल्यांदा आलेली बाई हमखास बुचकळ्यात पडायची, कारण आप्पा तिला दागिना उलटा दाखवायचे. ठुशी असो, डोरलं असो, नाहीतर साधं कानातलं. तयार झालेली वस्तू ते जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर पालथी ठेवत आणि म्हणत, "बघ माय." बिचारी बाई ती सुलटी करायला हात पुढे करी. आप्पा तिचा हात हळूच बाजूला सारत. "ती बाजू लोकांची हाय. लोक बघतील. तू तुझी बघ."

वडवणीत बाजारपट्टीच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. पुढच्या खोलीत एक शेगडी, एक ऐरण, फुंकणी, चिमटे, कानशी आणि बसून बसून खड्डा पडलेली गादी. भिंतीवर आरसा नव्हता. सोनाराच्या दुकानात आरसा नाही, हे मला फारच विचित्र वाटलं होतं. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला आले आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हाची गोष्ट. माझा कान कुडीनं चिघळला होता. आप्पांनी कुडी हातात घेतली, मागची दांडी नखानं चाचपली आणि विचारलं, "कुणी केली ही? दुश्मनानं?"

मी म्हटलं, "चांगल्या मोठ्या दुकानातली आहे हो आप्पा."

"पुढून चांगली हाय की. मागं कानस फिरवायला इसरला तो." एवढं बोलून ते कामाला लागले. दांडी कानशीनं गोल केली, दगडानं घोटली आणि मग स्वतःचा डावा डोळा मिटून पापणीवरून फिरवली. ही त्यांची शेवटची परीक्षा. पापणीला जे बोचत नाही ते अंगाला बोचत नाही, असा त्यांचा हिशेब. त्याआधीची परीक्षा लुगड्याची. दागिना त्या मऊ, विरलेल्या कापडावरून ओढायचा. एक जरी धागा अडकला तरी काम परत शेगडीपाशी. ते लुगडं त्यांच्या बायकोचं, रुक्मिणकाकूंचं. काकू म्हणायच्या, "माझी लुगडी अंगावर कमी अन् ह्यांच्या दुकानात जास्ती फाटली." माझा कान चार दिवसांत बरा झाला आणि संध्याकाळचा चहा त्यांच्या ओट्यावर घ्यायची सवय मला जडली ती कायमची.

आप्पा बारीक अंगाचे, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं मोजकं. पण एकदा कामाबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक ऊसतोडीला जाणाऱ्या. दिवाळीनंतर गावं रिकामी व्हायची, गुढीपाडव्याच्या आसपास भरायची. जाण्याआधी डोरलं नीट करून घ्यायला बायका येत, आणि आप्पा त्यांचं माप घेत ते बघण्यासारखं असे. बाईला ते उभी राहू देतच नसत. कोपऱ्यात कोळशाचं पोतं असायचं. "वाक. धर ते. आता उचल." बाई वाकली की काकू तिच्या गळ्याभोवती दोरा धरायच्या, आणि आप्पा लांबूनच बघून कुठं गाठ मारायची ते सांगायचे.

"उभ्या बाईचं माप घेऊन काय करायचं?" ते मला म्हणाले होते. "ती उभी कधी ऱ्हाती?"

वाकल्यावर डोरलं कोयत्याच्या वाटेत येता कामा नये, मोळी डोक्यावर घेताना पाचटात अडकता कामा नये, घामानं खालची कातडी सोलता कामा नये. इतकं सगळं पाळून ते सुंदरही दिसलं पाहिजे. आप्पांच्या डोरल्याच्या वाट्या लहान असत, पण त्यांची कड इतकी एकसारखी वळवलेली असे की बोट फिरवलं तर सुरुवात आणि शेवट सापडत नसे. एकदा एका मोठ्या पुढाऱ्यांच्या घरच्या बाई गाडीतून आल्या. त्यांना भरगच्च हार करायचा होता. आप्पांनी त्यांनाही वाकायला सांगितलं. बाईंचा चेहरा लाल झाला. "मी कशाला वाकू?" आप्पा शांतपणे म्हणाले, "लेकराला उचलायला तर वाकत आसाल की." बाई तशाच निघून गेल्या. काकूंनी कपाळावर हात मारला, मी तोंडाला पदर लावून हसले. आप्पांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आप्पा अभद्र शब्द तोंडातून काढत नसत. आपल्याकडे मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण आपण कधी पाळतो, कधी विसरतो. आप्पा विसरत नसत. संध्याकाळी शेगडीवर राख सारून म्हणायचे, "चला बाई, दुकान वाढवतो." जुनं डोरलं मोडून, वितळवून नवं करायचं असलं तरी "मोडू का" असं ते कधी विचारत नसत. "वाढवू का?" असंच विचारत, आणि तेही तीनदा. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता तो. आगीत गेलेलं परत येत नाही, म्हणून आधी तीनदा विचारायचं. डोरलं दुकानात असेपर्यंत त्या बाईच्या गळ्यात हळकुंड बांधलेला दोरा असायचा. त्यासाठी हळकुंडांचा एक डबाच गादीशेजारी ठेवलेला होता.

वैशाली माझी विद्यार्थिनी. आईवडील ऊसतोडीला, त्यामुळे ती लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली. माझ्या हाताखाली दहावी झाली, पुढे अंबाजोगाईला नर्सिंग शिकली, तिथंच नोकरीला लागली. तिची भाषा मी घासूनपुसून शुद्ध केली होती. वर्गात "लांबवून" म्हणाली की मी "वाढवून" म्हणायला लावायचे. "न्हाई" म्हणाली की वही परत द्यायचे. मला त्याचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिची आई चंद्रकला एका हंगामात तोडीवरच तापानं गेली. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून बायका तिला भाग्यवान म्हणाल्या. मला तेव्हाही त्या शब्दाचा राग आला होता. पुढे दोन वर्षांनी वैशालीचं लग्न ठरलं, तेव्हा वडिलांनी पेटीतून आईचं डोरलं काढून तिला दिलं. ते घेऊन ती आप्पांकडे आली, त्या वेळी मी ओट्यावर चहा पीत बसले होते.

डोरलं आप्पांच्याच हातचं होतं. आखूड, गळ्यालगत बसणारं, तोडीच्या बाईचं. त्यांनी ते ओळखलं आणि क्षणभर कपाळाला लावलं. वैशालीनं स्वतः घेतलेले चार सोन्याचे मणीही पुढे ठेवले. म्हणाली, "आप्पा, आईचं आहे. मला लग्नात हेच घालायचंय. वाढवून हवं."

"वाढवायचं?"

"हो. हे फार आखूड आहे. मला इथपर्यंत यायला हवं." तिनं छातीवर हात ठेवून दाखवलं.

"म्हंजी नवं लांब करायचं."

"हो, लांब."

"बापाला इचारलं?"

"त्यांनीच पाठवलंय."

आप्पांनी डोरलं तळहातावर घेतलं. "मग वाढवू?"

"वाढवा."

"माय, परत इचारतो. वाढवू?"

ती हसली. "हो आप्पा, वाढवा ना."

"वाढवू?"

"वाढवा."

तीनदा. मी तिथंच होते. शब्दाचे दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. मुलांना हेच शिकवून मी पोट भरते. पण तेव्हा मी मनात इतकंच म्हटलं, की शाब्बास, किती स्वच्छ बोलते माझी मुलगी.

दुसऱ्या दिवशी आप्पा ते डोरलं रिठ्याच्या पाण्यात धूत होते. मोडायची वस्तूही ते आधी धूत. मधेच थांबले, भिंग डोळ्याला लावलं आणि मला हाक मारली. "बाई, हे बघा. वाटीला आतून चेप हाय."

मी बघितलं. कडेपाशी दोन बारीक खळगे होते, अगदी शेजारी शेजारी.

"कोयत्याचा दांडा लागला असेल," मी म्हटलं.

"कोयत्याची आशी नसती." ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. "चोख सोनं हो, नखालाबी दबतं. कशानं आसल कुणास ठाऊक." मग त्यांनी डोरल्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि वाट्या वितळवायला मुशीत ठेवल्या. मी शाळेत गेले.

नवं डोरलं त्यांनी जीव ओतून केलं. आठ दिवस लुगड्यावर ओढून बघत होते, पापणीवरून फिरवत होते. वैशाली आली तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे ते पालथं ठेवलं. तिनंही सवयीप्रमाणे आतल्या बाजूनं बोट फिरवलं. एका वाटीवरून, मग दुसऱ्या. परत पहिल्या. मग तिनं वर बघितलं.

"आप्पा, माझे दात कुठं आहेत?"

आम्हांला काही कळेना. तीच सांगू लागली. ती वर्षाची असताना आई तिला तोडीवर घेऊन जायची. पाठीशी नाहीतर पोटाशी बांधलेली. दात येत होते तिला, हिरड्या शिवशिवायच्या; ती आईच्या डोरल्याची वाटी चावत राहायची. पुढे वसतिगृहातून सुट्टीला घरी आली की आई वाटी उलटी करून दाखवायची आणि म्हणायची, "हे बघ तुझे दात. तू न्हाईस तवा हे ऱ्हात्यात माझ्याजवळ." सहा सहा महिने आई नसायची, मुलगी नसायची. दोघींच्या मध्ये तेवढेच दोन खळगे होते.

"वाढवायला सांगितलं होतं ना मी," ती म्हणाली. "मोडायला नाही."

मला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. आप्पांचा चेहरा मात्र आधी हललाच नाही. बहुधा ते मनातल्या मनात ते सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं परत ऐकत असावेत. आतून रुक्मिणकाकू म्हणाल्या, "आगं, पर तूच तीनदा वाढवा म्हणलीस की. ह्यांनी इचारलं न्हाई का?"

"गप ऱ्हा," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की काकू दारातच थांबल्या. "शब्द माझा होता. तिचा न्हाई. मी तिच्या शब्दात इचारायला पायजे होतं."

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि वैशालीच्या पुढं, त्या लुगड्याच्या तुकड्यावर, डोरल्याशेजारी ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. वैशाली रडत होती. रडत रडतच तिनं ती टोपी उचलून त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "परत करता येईल का तसंच?"

"वाट्या तशाच करतो. कड झिजलेली दिसंल आशी करतो. चेपाबी पाडता येतील, हुबेहूब. तुलाबी वळखू येणार न्हाई. पर त्या माझ्या चेपा आसतील, माय. तू सांगशील तर करतो. मला इचारशील तर, करून घेऊ नको."

मग ते नवं डोरलं तिनं रुमालात गुंडाळलं आणि गेली. मला वाटतं, तिला रागवायचं होतं आणि समोर रागवायला कुणी सापडलं नाही. मी तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हटलं, "वैशाली, चूक माझीही आहे." ती म्हणाली, "नाही बाई, शब्द बरोबरच होता." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

लग्नाला आप्पा आणि काकू गेले. मांडवात शेवटच्या रांगेत बसले. पंगतीला आप्पा बसले नाहीत, अक्षता टाकून उठले.

त्यानंतरचे आप्पा वेगळे होते, असं लोक म्हणत. मला तसं वाटत नाही. पूर्वी जितके काटेकोर तितकेच नंतरही. फक्त काटा दुसरीकडे वळला होता. पुढच्याच बाजारच्या दिवशी एक म्हातारी सुनेसाठी जुनं डोरलं घेऊन आली. आप्पांनी ते हातात घेतलं आणि सरळ विचारलं, "मोडू का?"

म्हातारीनं डोळे वटारले. "काय बोलतोस रे?"

"मोडून, इतळवून, नवं करू का? हे परत दिसणार न्हाई. मोडू?"

"आरं आप्पा, तोंडाला काय झालं तुझ्या? सवाष्णीच्या डोरल्याला मोडू म्हणतोस? कावून असं अभद्र?"

आप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारी डोरलं उचलून निघून गेली. बोळातून लांब जाईपर्यंत तिचा आवाज येत होता. अशा बऱ्याच गेल्या. तिकडं बीडला काचेची मोठमोठी दुकानं होती. तिथं अभद्र कुणी बोलत नसे. किसन सोनाराची जीभ फिरली, त्याच्याकडं मंगळसूत्र देऊ नका, असं गावात झालं. काकू चिडायच्या. माझ्याकडे वकिली आली, कारण मी शिकलेली. मी आप्पांना समजावलं की 'वाढवू' म्हणून पुढं अर्थ सांगत जा, म्हणजे दोन्ही साधेल.

ते फुंकणी पुसत होते. "बाई, दोन अर्थाचा शब्द शाळंत चालतो. शेगडीपाशी न्हाई." आणि थोड्या वेळानं, "अभद्र बोलल्यानं आजवर काई जळालं न्हाई. भद्र बोललो अन् जळालं."

त्या संध्याकाळी शेगडीवर राख सारून ते म्हणाले, "चला, दुकान बंद करतो." त्या बोळात इतकी वर्षं ऐकलेला शब्द गेला. मला तो रोज संध्याकाळी आठवायचा आणि आप्पांचा थोडा रागही यायचा. माणसानं स्वतःला इतकी शिक्षा करू नये असं वाटायचं. आणि मी वर्गात त्यानंतर कुणाचा "न्हाई" खोडला नाही, हेही सांगून टाकते.

माझी बदली पाटोद्याकडे झाली. सामान गेलं होतं. शेवटचा चहा घ्यायला मी ओट्यावर बसले होते. आप्पा आता थकले होते, फुंकणी फुंकताना मधे थांबायचे. काम फार नव्हतंच. ऊन बोळातून उतरलं तशी समोरून एक बाई आली, कडेवर लहान मुलगी. वैशाली होती. लग्नानंतर ती त्या दुकानात पहिल्यांदाच येत होती. आप्पा उठून उभे राहिले.

"आप्पा, डोरलं फक्त धुऊन हवंय," ती म्हणाली. 'धुऊन' शब्दावर तिनं जोर दिला होता. आप्पांनी मान हलवली. डब्यातून हळकुंड काढलं, काकूंनी ते दोऱ्यात बांधून तिच्या गळ्यात घातलं, मग डोरलं उतरलं. पोरगी लगेच गळ्यातल्या हळकुंडाकडं झेपावली. तोंडात घातलं, कडू लागलं तसं तोंड वाकडं केलं. तिच्या खालच्या हिरडीत एकच पांढरा ठिपका दिसत होता.

आप्पांनी डोरलं रिठ्याच्या पाण्यात बुडवलं, मऊ ब्रश फिरवला, लुगड्यावर टिपलं आणि पालथं केलं. भिंग लावलं. मी जवळ गेले तशी त्यांनी भिंग माझ्याकडं दिलं. डाव्या वाटीच्या कडेला एक चेप होती. एकच, बारीक.

"वैशाली," आप्पा म्हणाले, "आतून चेप पडली हाय. काढू का?"

"नको."

"घोटून सारखी करतो. दिसणारबी न्हाई. काढू?"

"नको आप्पा."

"माय, परत इचारतो..." वैशालीनं पोरीला खाली ठेवलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"न्हाई काढायची," ती म्हणाली.

तिच्या तोंडून तो 'न्हाई' मी दहावीनंतर पहिल्यांदा ऐकला. आप्पांनी डोरलं तसंच तिच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अंगाकडची बाजू न घोटता वस्तू परत केली असावी. काकूंनी हळकुंड सोडून डोरलं तिच्या गळ्यात घातलं, पोरीच्या हातावर साखर ठेवली. दोघी बोळाच्या तोंडाशी दिसेनाशा होईस्तोवर आप्पा दारात उभे होते.

पुढे पावसाळ्यात ते गेल्याचं मला काकूंनी कळवलं, पण माझ्यापुरते आप्पा त्या संध्याकाळचेच आहेत. त्यांनी शेगडीवर राख सारली, भिंग पुसून डबीत ठेवलं, लुगड्याचा तुकडा झटकून घडी घातला. मी पिशवी उचलली. टोपी नीट करत ते माझ्याकडं वळले, आणि आपण काय बोलतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

"चला बाई," ते म्हणाले, "दुकान वाढवतो."